डावा हात रजेवर

पाठ्यपुस्तक निवड समितीवर माझी नेमणूक झाली, आणि पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'ही बाब कोणालाही सांगू नये.' म्हणजे मान द्यायचा आणि मिरवूही द्यायचा नाही! मला तर बातमी पोटात ठेवली की जेवण जात नाही. नवऱ्याला सांगितलं, प्रशिक्षण आहे. तो म्हणाला, "तुला आणखी काय शिकवणार ते?" आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आम्ही नववीच्या कला आणि कार्यानुभवाची पुस्तकं निवडणार होतो. चित्रकला, सुतारकाम, शिवणकाम, पाककला. बसायला दिली होती ती पूर्वीची भांडारखोली. तिला खिडकी म्हणावी अशी एकच खिडकी, आणि तिची झडप कुणीतरी तैलरंग देताना चौकटीसकट रंगवून टाकलेली, त्यामुळे ती जन्मात उघडणार नव्हती. आमचे फोन बिस्किटांच्या डब्यात जमा झाले. अध्यक्षबाईंनी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मोरीत जायचं तर त्यांच्याकडे किल्ली मागायची, आणि बाहेर बसलेली शिपाईणबाई बरोबर यायची. प्रकाशकांची माणसं जिन्यात उभी राहून सभासदांना गाठतात म्हणे, म्हणून हा बंदोबस्त. निकाल लागेपर्यंत रोज असंच.

अध्यक्षबाईंचा एक नियम मला फार आवडला. जो ज्या विषयाचा, त्याने त्या विषयाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. पूर्वी म्हणे सुतारकामाचं पुस्तक सुतारकामाच्या सरांनीच तपासलं आणि उत्तम म्हणून पास केलं. सरस लावल्यावर तो वाळू द्यायचा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरांना ते दिसलंच नाही, कारण त्यांचे हात ते आपोआप करतात. मग एका शाळेत मुलांनी स्टुलं केली आणि बक्षीस समारंभाला पाहुण्यांना त्यांवर बसवलं. पुढचं मी सांगत नाही.

तर सुतारकामाचे सर, ज्यांना आम्ही पहिल्याच दिवशी रंधा सर करून टाकलं, त्यांच्या वाट्याला पाककला आली. पाककलेच्या झाराबाईंना चित्रकला. शिवणाच्या बाई गालगुंड येऊन घरी पडल्या होत्या, म्हणून त्यांच्या वाट्याचं सुतारकाम अध्यक्षबाईंनी स्वतःकडे घेतलं. आणि मी चित्रकलेची, मी ब्रशबाई, जिच्या ब्लाउजची बटणं नवरा लावतो, तिच्यासमोर शिवणाची तीन पुस्तकं आली. वर खाकी कागद, लेखकाचं नाव झाकलेलं, नुसतं क, ख आणि ग. प्रत्येक पुस्तकात बघून एक पिशवी शिवायची. लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. पिशवी झाली तर पुस्तक चांगलं.

"आणि एक," अध्यक्षबाई म्हणाल्या, "लेखक ओळखला तर ताबडतोब सांगायचं. ते पुस्तक त्याच क्षणी बाद. मागे एकाने मेहुण्याचं पुस्तक घुसवलं होतं, तेव्हापासून मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

क हे पुस्तक दिसायला राजबिंडं होतं. गुळगुळीत कागद, हसरी मुलं. त्याबरहुकूम मी चारही बाजू शिवून टाकल्या, आणि पिशवीला तोंडच राहिलं नाही. रंधा सर म्हणाले, "वा! चोरांची सोय नाही." ग बरं होतं. मिळमिळीत, पण बरं. पिशवी झाली, जरा तिरकी झाली. मग मी ख उघडलं.

'सुई साबणाच्या वडीत उभी खोचा. मग दोरा ओवा.'

मी शिपाईणबाईंकडून साबण मागवला. सुई खोचली. दोरा पहिल्या फटक्यात गेला. मला इतका आनंद झाला की मी ओरडून सगळ्यांना दाखवलं. सुई साबणात अशी ताठ उभी, आणि वडीला शेजारी एक बारीक भोक, आधी चुकून खोचलेलं. त्या भोकाकडे माझं लक्ष गेलं आणि माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

असली भोकं पडलेला साबण मी दर रविवारी बघते. हात धुताना बघते आणि दर रविवारी ओरडते, "अगं, ह्या साबणाला देवी आल्यात का?"

माझी बहीण, धाकटी. बाबांना झटका आला त्याला किती वर्षं झाली ते आता मोजत नाही आम्ही. वाचा गेली, डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा राहिला, आणि त्या हाताने त्यांनी धाकटीला धरून ठेवलं. खरंच धरून. ती पलंगाशी खुर्चीत बसते आणि तिचा हात त्यांच्या मुठीत असतो. सोडवला की लहान मुलासारखे रडतात. गाढ झोपले की हिची धावाधाव, स्वयंपाक, धुणं, आंघोळ. ते जागे झाले की पुन्हा खुर्ची. मी रविवारी फळं घेऊन जाते. आमची खोली लहान, नवऱ्याच्या पाळ्या, माझी शाळा. सगळी कारणं खरी आहेत. खरी आहेत म्हणून तर इतकी वर्षं चालली.

ती शिवणाचं पुस्तक लिहितेय हे मला ठाऊक होतं. ती पूर्वी शाळेत शिवण शिकवायची. प्रकाशकाने तिला शब्द दिला होता की पुस्तक लागलं तर तिला नोकरीवर घेऊ, गावोगावच्या शिक्षकांना शिकवायला, दुसऱ्या शहरात, राहायला खोलीसकट. हे तिने एकदा मला सांगितलं होतं आणि मी विचारलं होतं, "मग बाबांचं?" त्यानंतर तिने विषय काढणं सोडलं आणि मी विचारणं सोडलं. मला वाटलं, राहिलं असेल अर्धवट. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

आणि आता ते खाकी कागदात माझ्या मांडीवर.

सांगितलं तर बाद. न सांगितलं तर मी लबाड. पास झालं तर धाकटी जाणार आणि बाबा माझ्या गळ्यात. नापास झालं तर ती त्या खुर्चीतून उठत नाही, आणि उठू दिलं नाही ते मीच. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मी किल्ली मागितली, मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं. बाहेरून शिपाईणबाई म्हणाली, "बाई, बरं आहे ना?" मी म्हटलं, बरं आहे. दुसरं काय म्हणणार?

परत येऊन मी पिशवी शिवायला घेतली. पुस्तक सांगेल तसं. कापडावर जड डबा ठेवा आणि कापा. काठ मांडीखाली दाबून ताणून घ्या. दोऱ्याचं टोक तर्जनीला गुंडाळा, अंगठ्याने घरंगळवा, गाठ बसेल. बसली. चित्रांत सगळीकडे एकच हात काढलेला होता. चित्रकलेची असल्यामुळे मला त्याचा रागच आला. हात काढणं सगळ्यांत कठीण, आमच्या धंद्यातले आळशी लोक तो खिशात घालतात नाहीतर पाठीमागे लपवतात. प्रकाशकाचा चित्रकार कामचुकार दिसतोय, असं मी कडेला लिहूनही ठेवलं.

पिशवी झाली. सरळ, चारी कोपरे जागच्या जागी, वर धरायला दोन बंद. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी शिवलं गेलं. मी ती टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं. एकाने पुस्तक मोठ्याने वाचायचं, तपासणाऱ्याने करायचं, बाकीच्यांनी बघायचं. रंधा सर ख घेऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं, मी साबण घेतला. त्यांनी वाचलं, मी डबा ठेवला. मांडीखाली कापड दाबलं तशी झाराबाई खुदकन हसल्या. आणखी थोडं झालं, आणि त्यांना राहवेना.

"अहो ब्रशबाई, तुमचा डावा हात काय रजेवर आहे का?"

सगळे हसले. अध्यक्षबाईसुद्धा. मीही हसत खाली बघितलं. माझा डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता. काल अख्खी पिशवी शिवली तेव्हाही तो तसाच पडून होता, आणि मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती, कारण पुस्तकाने त्याला काही कामच सांगितलं नव्हतं. एकाही पानावर नाही.

चित्रकार कामचुकार नव्हता. चित्रकाराने तिने लिहिलं तेच काढलं होतं. तिचा डावा हात कुठे असतो ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

आणि तिला हे कळलेलंही नसणार. तिने डावा हात मुद्दाम वगळला नव्हता. दिवसाचे दिवस एका हाताने दोरा ओवून, एका हाताने गाठ मारून तिला वाटायला लागलं होतं की शिवण असंच असतं. सगळ्या मुलांचा एक हात कुणाच्या तरी मुठीत असतो.

माझे डोळे भरून आले. "काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "सुई टोचली," मी म्हटलं. झाराबाईंनी बिचाऱ्यांनी लगेच आपला रुमाल दिला.

मग वाद सुरू झाला. झाराबाई म्हणाल्या, "मुलांना दोन हात असतात, बाई. हे पुस्तक वर्गात गेलं तर चेष्टा होईल. आपलं ग काय वाईट आहे?"

"पण सरळ पिशवी ह्याच पुस्तकाची झाली ना?" रंधा सर म्हणाले. "आणि तीसुद्धा ह्यांच्या हातून! माझ्या पाककलेच्या पुस्तकाने कालपासून पाणी उकळत ठेवलंय, बंद करा असं कुठेच लिहीत नाही लेकाचा."

"म्हणून काय मुलांना लुळं करायचं?"

'लुळं' म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं. "लुळं कुणाला म्हणता?" मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेरून शिपाईणबाईने दार वाजवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुस्तकावरून एवढं कोण चिडतं? मी खाली बसले आणि म्हणाले, "नाही, म्हणजे, पुस्तकाला लुळं म्हणू नये."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मत शेवटी तपासणाऱ्याचं. मंजूर, नामंजूर, की दुरुस्ती?"

नामंजूर म्हणायला माझ्याकडे अगदी खरं कारण होतं. तेच तर भयंकर होतं. झाराबाई चुकीचं बोलत नव्हत्या. शिवणात डाव्या हाताला निम्मं काम असतं, नववीच्या पोरांना ते शिकवायलाच हवं. कुणीही मला दोष दिला नसता. रविवारी फळं घेऊन गेले असते, धाकटीने सांगितलं असतं, "नाही गं लागलं," आणि मी म्हटलं असतं, "अगं, असतं एकेकाचं नशीब." माझी खोली तेवढीच राहिली असती, माझी झोप तेवढीच. खरं कारण हाताशी असलं की स्वार्थ किती साळसूद दिसतो!

आणि मंजूर म्हणायला तोंड उघडलं तर ते मुलांसाठी नसणार, हेही मला माहीत होतं.

"दुरुस्ती," मी म्हटलं. "पुस्तक चांगलं आहे. लेखकाने दोन्ही हात वापरून पुन्हा लिहावं."

"मुदत महिन्याची," अध्यक्षबाई लिहीत म्हणाल्या. "आलं तर ख. नाही आलं तर ग लागेल. आणि तपासणारं कोण होतं हे लेखकाला कधीही कळता कामा नये."

मला सुटल्यासारखं झालं. अगदी खरं सांगते, मी स्वतःची पाठ थोपटली. ना बहिणीशी दगा, ना मुलांशी. संध्याकाळी कुलूप उघडलं, डब्यातून फोन मिळाले, रंधा सर माझ्या पिशवीत आपला चष्मा घालून बघत होते. मी जिना उतरायला लागले आणि अर्ध्या जिन्यात थांबले. दोन्ही हात वापरून लिही म्हणे. कुठले दोन्ही हात? तिचा दुसरा हात मोकळा कुठे आहे?

रविवारी मी फळं घेतली नाहीत. हातात काहीच नव्हतं म्हणून दारात जरा अवघडल्यासारखं झालं. आत धाकटी खुर्चीत, बाबा पलंगावर, आणि तिचा हात त्यांच्या मुठीत, जसा असतो तसा. त्या मुठीकडे मी इतकी वर्षं बघत आलेय, पण त्या दिवशी मला तिच्यातून वर आलेली चार बोटं दिसली, पांढरी पडलेली.

"ये. दुरुस्तीत गेलं बघ पुस्तक," ती म्हणाली. "पत्र आलंय काल. म्हणतात, डावा हात कुठाय?" आणि ती हसायला लागली. "अगं, मला कळलंच नाही! पानं उलटून बघितली, खरंच कुठे नाही. कोण मेली तपासायला बसली होती कुणास ठाऊक, पण डोळा तेज आहे हं तिचा."

मी खिडकीशी जाऊन साबण बघितला. भोकं होती.

"मग लिही ना पुन्हा."

"कशी लिहू? करून बघितल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही. कापड डाव्या हातात धरायचं ते कुठे, किती ताणायचं, अंगठा वर की खाली, सगळं विसरलेय मी." ती बाबांच्या मुठीकडे बघत होती, पण रागाने नाही. "बाबा झोपले की स्वयंपाक तरी होतो कसाबसा. जाऊ दे. आपल्या नशिबात असतं तर आधीच झालं असतं."

अगदी तेच नशीब. माझ्या तोंडी येणार होतं ते तिने माझ्याआधी घेतलं.

"ऊठ," मी म्हटलं. "मी बसते."

"तू?"

"का? माझा हात काय लाकडाचा आहे?"

"आज सूर्य कुठून उगवला गं?" ती म्हणाली, पण उठली नाही. मग मीच तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले. बाबा रडले. तोंड वाकडं करून, तो घशातला आवाज काढत रडले. मी त्यांच्या मुठीत माझा हात दिला, त्यांनी तो टाकला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. "बाबा, मी मोठी," मी म्हटलं, "मीसुद्धा तुमचीच आहे हो." धाकटी दारात उभी, दोन पावलं पुढे, दोन मागे. शेवटी त्यांचा दम संपला, का काय झालं, त्यांनी माझा हात धरला. ह्या माणसाच्या एका हातात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एवढी वर्षं मी त्यांच्या पायांशी उभी राहून फळं कापत आले.

धाकटी समोर जमिनीवर बसली. कापड घेतलं, साबणातून सुई काढली, आणि सवयीने कापडाचं टोक मांडीखाली सरकवलं. डावा हात मांडीवर उताणा पडून राहिला.

"डावा हात," मी म्हटलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. उचलला. बोटं मिटली, उघडली. मग कापडाचा काठ चिमटीत धरला, जरा ताणला, सोडला, पुन्हा धरला. एक टाका घातला. दुसरा घातला. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "सोपं आहे की हे!" आणि मग ती भराभर घालत सुटली, आठ बोटांनी, दोन अंगठ्यांनी, मध्येच वहीत काहीतरी लिहीत, पुन्हा शिवत. मला ती शाळेत शिकवायची तेव्हाची दिसली. ही जाणार. महिन्याच्या आत ही पुस्तक पूर्ण करणार आणि जाणार, हे मला तिथेच कळलं. मला रडावंसं वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी करावं ते कळेना.

"दोरा संपत आला," ती म्हणाली. उभी राहिली. "कोपऱ्यावरून घेऊन येऊ? तू बसशील ना जरा?"

"बसते की. पळतेय कुठे?"

तिने चपला घातल्या. फाटकाचा आवाज आला. मला वाटलं धावत जाईल, धावत येईल. पण तिची पावलं अगदी सावकाश गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

माझी पर्स समोरच्या भिंतीशी होती. तिच्यात फोन वाजायला लागला. नवराच असणार, जेवायला कधी येतेस विचारायला. मी हात हळूच ओढून बघितला. मूठ आणखी आवळली. फोन वाजून वाजून थांबला, मग पुन्हा वाजला, मग पुन्हा थांबला. बाबा छताकडे बघत होते. कोपऱ्यावर जाऊन यायला एवढा वेळ लागत नाही. लागू दे.

तिचं कापड पलंगाच्या कडेला राहिलं होतं, सुई आणि उरलेला दोरा त्यातच. नुसतं बसून तरी काय करायचं, म्हणून मी ते उजव्या हाताने ओढून घेतलं, टोक मांडीखाली दाबलं आणि पुढचा टाका घातला.